गाडी ओढून काढायची तर पट्टा नेमका कुठे अडकवायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वापरलेली फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली आहे, सामान आणि माणसं धरून वजन अडीच टनांच्या घरात जातं. पुढे बंपरखाली एक लोखंडी कडी आहे, मागे टो बॉल, म्हणजे ट्रेलर जोडायचा गोळा आहे. आता रुतलेली गाडी काढायला ८ टनांचा पट्टा घ्यावा की ११ टनांचा, आणि शॅकल, म्हणजे पट्टा गाडीला जोडायच्या उघडझाप कड्या, लोखंडी बऱ्या की सॉफ्ट, म्हणजे विणलेल्या दोराच्या?

पट्ट्याचं सांगतोच, पण तुमची अडचण पट्ट्याची नाही. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून आज तुमच्या गाडीला पट्टा अडकवण्याजोगी एकही जागा नाही. ती जागा होईपर्यंत घेतलेला पट्टा जितका दणकट, तितका तो घातक. पट्टा कच्चा असेल तर पट्टा तुटतो आणि कापडाचं टोक फटकारा मारतं. पट्टा पक्का आणि कडी कच्ची असेल तर कडी उखडते, आणि ताणलेल्या पट्ट्यातला सगळा जोर घेऊन ती दुसऱ्या गाडीच्या काचेकडे सुटते. म्हणून मी शिकवताना प्रत्येक जोडापाशी थांबवून एकच गोष्ट विचारतो: हा आत्ता सुटला, तर काय उडेल आणि कुणाच्या दिशेने?

आधी ती पुढची कडी. बहुतेक गाड्यांच्या पुढच्या-मागच्या बाजूला अशा कड्या असतात. गाडी ट्रकवर किंवा जहाजात चढवल्यावर ती हलू नये म्हणून खाली बांधून ठेवायला त्या दिलेल्या असतात. त्यांच्यावर येणारा ताण स्थिर असतो आणि खालच्या दिशेने असतो. समोरून हिसका बसेल असं गृहीत धरून त्या केलेल्याच नसतात. ओळखायची खूण सोपी आहे. पातळ पट्टी किंवा बोटाएवढी वाकवलेली सळई, तोंड जमिनीकडे, भोकाच्या कडा धारदार, एखाद-दुसरा बारीक बोल्ट किंवा वेल्डिंगचे चार टाके, आणि कुठेही वजनाचा आकडा कोरलेला नाही. रिकव्हरी पॉइंट, म्हणजे रुतलेली गाडी ओढायला पट्टा अडकवायची जागा, म्हणून विकलेल्या वस्तूवर तो किती टनांचा आहे हे लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर तो नाही असंच धरायचं.

माझ्याकडे एक तुटलेला बोल्ट जपून ठेवलेला आहे. नदीच्या पात्रात वाळूत रुतलेली एक गाडी काढताना तिची पुढची कडी बोल्टासकट निघून आली. ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या दाराचा पत्रा फोडून ती सीटच्या पाठीत जाऊन अडकली. त्या सीटवर पाच मिनिटांपूर्वी दोन मुलं बसलेली होती. ओढायच्या आधी सगळ्यांना उतरवायची सवय होती, म्हणून सीट रिकामी होती. तो बोल्ट उजेडात धरला की तुटलेल्या तोंडाचा साधारण एक तृतीयांश भाग तपकिरी दिसतो आणि उरलेला करडा, चमकदार. तपकिरी भाग म्हणजे आधीची चीर. तिच्यात पाणी जाऊन गंज चढला होता. म्हणजे कुणीतरी त्याच कडीला धरून आधीही गाडी ओढली होती, तेव्हा काम झालं होतं, आणि बोल्ट अर्धवट तुटून तसाच बसून राहिला होता. ‘मी तर नेहमी इथूनच ओढतो, काही होत नाही’ असं कुणी म्हणालं की मला तो तपकिरी भाग आठवतो.

टो बॉलबद्दल माझं मत ठाम आहे. हिसका देऊन, म्हणजे सैल पट्टा गाडीच्या वेगाने ताणून, ओढताना टो बॉलला पट्टा कधीही लावायचा नाही, ‘एकदाच, हळूच’ असंही नाही. ट्रेलरचा ताण सावकाश वाढतो, आणि बॉल तेवढ्यासाठी असतो. पट्ट्याचा हिसका बॉलच्या डोक्यावर बसतो, सगळी वाक त्याच्या बारीक मानेवर येते आणि मान तुटते. मग साधारण ५० मिलिमीटर व्यासाचा भरीव पोलादी गोळा पट्ट्याच्या टोकाला बांधलेला राहतो. असे गोळे लागून माणसं दगावलेली आहेत, गाडीच्या आत बसलेलीसुद्धा. तुमच्या गाडीला मागे चौकोनी नळीचा रिसीव्हर असेल तर मात्र नशीब चांगलं आहे. बॉलचा दांडा काढून टाका आणि त्या जागी शॅकल लावता येईल असा भरीव हिच ब्लॉक बसवा. रिसीव्हर चासीला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, नीट जोडलेला असेल तर मागची ही जागा बऱ्याचदा सगळ्यांत भरवशाची ठरते.

काही गाड्यांना बंपरमधलं झाकण काढून स्क्रूसारखी फिरवून बसवायची कडी मिळते. ती बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर सरळ रेषेत, सावकाश नेण्यासाठी आहे. चिखलात, तिरक्या कोनात, हिसक्याने ओढायला ती चालत नाही, कारण आडवा ताण आला की आटेच वाकतात.

आता चांगला पॉइंट कसा असतो. जाड पोलादी पट्टीचा, थेट चासीच्या रेलवर (दोन्ही बाजूंच्या लांब तुळयांपैकी एकीवर) बसणारा, निदान दोन बोल्टांचा, आणि त्याच मॉडेलसाठी बनवलेला. ‘त्याच मॉडेलसाठी’ यावर माझा जोर आहे. पुढच्या भागात टकरीच्या वेळी चेपण्यासाठी मुद्दाम मऊ ठेवलेले भाग असतात, एअरबॅगचं गणित त्यांच्यावर असतं, आणि वाट्टेल तिथे भोक पाडलं किंवा वेल्डिंग केलं तर चासीही बिघडते आणि ते गणितही. पुढे दोन पॉइंट घ्या, दोन्ही रेलवर एकेक. एकाच बाजूने ओढलं तर चासीला पीळ बसतो. पुढे लोखंडी बंपर बसवलेला असेल तर त्यावरच्या जाडजूड कड्या पाहून भुलू नका. खाली आडवं होऊन बघा की त्या कडीमागची पट्टी चासीपर्यंत जाते का नुसती बंपरच्या पत्र्याला चिकटवलेली आहे. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत, आणि बाहेरून ते सारखेच दिसतात.

बोल्टांची जात त्यांच्या डोक्यावर लिहिलेली असते. ८.८ किंवा १०.९ असे आकडे शोधा. अंदाज यावा म्हणून सांगतो: ८ मिलिमीटरचा ८.८ जातीचा एक बोल्ट सरळ ताणात सुमारे ३ टनांना तुटतो, आणि आडवा कातरला गेला तर २ टनांच्या आतच. १२ मिलिमीटरचा त्याच जातीचा बोल्ट सरळ ताणात पावणेसात टनांच्या आसपास जातो. हे आकडे नव्या, निरोगी बोल्टाचे आहेत. बांधणीच्या कडीचा बारीक बोल्ट आणि खऱ्या पॉइंटचे दोन-तीन जाड बोल्ट यांत किती अंतर आहे ते यावरून दिसेल.

आता तुमचा ८ की ११ हा प्रश्न. आधी एक गोंधळ दूर करू, कारण तो जवळजवळ प्रत्येकाचा होतो. पट्ट्यावर लिहिलेले टन म्हणजे तो जिथे तुटतो तो आकडा. शॅकलवर लिहिलेले टन म्हणजे रोजच्या कामात सुरक्षित धरलेला भार, आणि चांगल्या शॅकलचा तुटण्याचा आकडा त्याच्या साधारण सहापट असतो. म्हणून १९ मिलिमीटरच्या शॅकलवर ४.७५ टन लिहिलेलं पाहून ती ८ टनांच्या पट्ट्यापेक्षा कच्ची समजू नका, ती २८ टनांच्या पुढे तुटते. आणि आकडाच नसलेली, हार्डवेअरच्या दुकानातली शॅकल कितीही जाड दिसली तरी तिच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नसतं.

हिसक्याचा पट्टा नायलॉनचा असतो आणि तो ताणला जातो. त्याचं सगळं काम त्या ताणण्यावर चालतं. त्याची तुटण्याची क्षमता दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट असावी असा सर्वसाधारण नियम आहे. तुमच्या अडीच टनांना ही क्षमता साडेसात टनांपर्यंत येते, तिच्या सगळ्यांत जवळ ८ टनांचा पट्टा बसतो. ‘जास्त दणकट म्हणून ११’ हा विचार इथे उलटा पडतो. मी एक ढोबळ हिशेब करतो: ९ मीटरचा पट्टा, तुटेपर्यंत २० टक्के ताणला जाणारा, ओढणारी गाडी अडीच टनांची, आणि रुतलेली गाडी अजिबात हलली नाही असं धरू. ताशी १० किलोमीटर वेगाने पट्टा ताणला तर ८ टनांच्या पट्ट्यात टोकाचा हिसका सुमारे ३ टनांचा येतो, ११ टनांच्या पट्ट्यात साडेतीन टनांचा. पट्टा कडक, म्हणून हिसकाही कडक. त्याच जागी साखळी लावली आणि ती सगळं मिळून जेमतेम १० सेंटीमीटर सरकली, तर हिसका २० टनांच्या जवळ जातो. साखळी आणि स्टीलचा दोर हिसक्यासाठी का वापरायचा नाही, ते एवढ्यावरून कळावं.

याच हिशेबात वेग घाला. ताशी २० किलोमीटरला ८ टनांच्या पट्ट्यातला हिसका ६ टनांच्या आसपास जातो, आणि ३० ला तो पट्ट्याच्याच मर्यादेपलीकडे. लोक पहिल्या प्रयत्नात गाडी निघाली नाही की दुसऱ्यांदा लांबून, जोरात येतात. बहुतेक अपघात त्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात होतात, असा माझा अनुभव आहे.

टोइंगचा पट्टा, झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा आणि विंचची (मोटरने दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राची) लांबी वाढवायचा पट्टा हे तिन्ही पॉलिस्टरचे असतात आणि फारसे ताणले जात नाहीत. दिसायला ते नायलॉनच्या पट्ट्यासारखेच असतात, म्हणून लेबल वाचून घ्या आणि घरी आल्यावर पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. अंधारात, पावसात हात जो लागेल तोच पट्टा उचलतो. पट्ट्याऐवजी कायनेटिक रोप घेतला तरी चालेल, तो सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ताणला जातो आणि झटका मऊ बसतो. महाग पडतो आणि जागा खातो, पण वारंवार लागणार असेल तर मी तोच घेईन.

शॅकलमध्ये माझी निवड सॉफ्ट शॅकल आहे, आणि कारण तेच, उडेल काय? जिथे जिथे लोखंडाचा तुकडा कमी करता येतो तिथे तो कमी करावा. पण सॉफ्ट शॅकलला धारदार कड चालत नाही. पॉइंटच्या भोकात बोट फिरवा. कड बोटाला टोचली तर तिथे लोखंडी बो शॅकलच लावा. वाळूचे कण सॉफ्ट शॅकलच्या विणीत गेले की आतून धागे कापतात, आणि एक्झॉस्टच्या गरम नळीला लागली तर वितळते. लोखंडी शॅकलची पिन पूर्ण आवळून मग किंचित, पाव आट्याएवढी मागे फिरवा, नाहीतर ताणानंतर ती जाम बसते. आणि शॅकलवर ताण तिच्या लांबीच्या दिशेनेच येऊ द्या. ४५ अंशांच्या कोनात ओढलं तर तिची क्षमता ७० टक्क्यांवर येते, काटकोनात निम्म्यावर. दोन पट्टे जोडताना मध्ये लोखंडी शॅकल कधीच घालायची नाही, पट्टा तुटला की ती गोळीसारखी सुटते. पट्टे एकमेकांच्या फाशांतून ओवून घ्या आणि गाठ घट्ट बसू नये म्हणून मध्ये गुंडाळलेलं मासिक घाला, किंवा सॉफ्ट शॅकलने जोडा.

पुढच्या दोन पॉइंटवर ताण वाटून द्यायला मधला छोटा पट्टा, ज्याला ब्रायडल म्हणतात, तो लावतात. तो आखूड असेल तर फायदा संपतो. दोन्ही पायांमधला कोन ६० अंश असताना प्रत्येक पॉइंटवर एकूण ताणाच्या ५८ टक्के येतात, ९० अंशांना ७१ टक्के, आणि १२० अंशांना प्रत्येकावर पूर्ण १०० टक्के. म्हणजे १२० अंशांना दोन पॉइंट असूनही काही वाटलं गेलं नाही. ब्रायडल लांब घ्या, कोन ६० च्या आत ठेवा.

इथवरचं एका ओळीत सांगायचं तर: पुढे मॉडेलचे दोन पॉइंट, मागे हिच ब्लॉक, ८ टनांचा नायलॉन पट्टा, सॉफ्ट शॅकल दोन-तीन, वजनाचा आकडा कोरलेल्या लोखंडी शॅकल दोन, एक लांब ब्रायडल. पण यादीत मी सगळ्यांत वर फावडं ठेवतो. त्याच्या खालोखाल टायरमधली हवा कमी करायचं गेज, हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि चाकाखाली घालायचे रिकव्हरी बोर्ड.

कारण किती ओढावं लागेल हे गाडीच्या वजनावर कमी आणि ती किती खोल रुतली यावर जास्त ठरतं. लष्करी रिकव्हरीत वापरला जाणारा एक ढोबळ हिशेब आहे. गाडी चाकांच्या मध्यापर्यंत चिखलात असेल तर विरोध तिच्या वजनाएवढा, मडगार्डपर्यंत असेल तर दुप्पट, त्याहून वर गेली तर तिप्पट. तुमची अडीच टनांची गाडी मडगार्डपर्यंत रुतली तर विरोध ५ टनांचा झाला. ही गाडी हिसका देऊन काढायला जाणं म्हणजे पट्टा, पॉइंट, चासी सगळ्यांची परीक्षा बघणं. अर्धा तास चाकांपुढची आणि ॲक्सलखालची माती काढली, गाडी पोटावर टेकली असेल तर पोट मोकळं केलं, की तीच गाडी कित्येकदा पट्ट्याशिवाय बोर्डांवरून बाहेर येते. ज्या वाटेने ती आत गेली त्याच वाटेने मागे काढणं सहसा सोपं, कारण तिथे चाकोरी आधीच झालेली असते. वाळू असेल तर फावड्याच्याही आधी हवा कमी करा.

ओढायचीच वेळ आली तर दोन्ही गाड्या शक्य तितक्या एका रेषेत ठेवा. पट्टा जमिनीवर नागमोडी पसरा, एक-दोन मीटर सैल, पीळ नको. मधोमध डॅम्पर (पट्ट्यावर टाकायचं जड आवरण) किंवा मातीने भरलेली जड पिशवी टाका, म्हणजे तुटलं तर टोक जमिनीकडे दबेल. लो रेंज (फोर-व्हील-ड्राइव्हची हळू पण जोरकस गिअरची जोडणी), पहिला-दुसरा गिअर, माणसाच्या झपझप चालण्याच्या वेगापासून सुरुवात, आणि रुतलेल्या गाडीनेही हळूच स्वतःचा जोर लावायचा. गाड्यांत फक्त चालक. बाकी सगळे पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट तरी लांब, आणि बाजूला. रेषेत समोर किंवा मागे कुणीही नको. व्हिडिओ काढणाऱ्या माणसाला मी स्वतः जाऊन जागेवर उभा करतो, कारण चांगलं चित्र मिळावं म्हणून तो नेमका रेषेतच जातो. खूण कोण करणार हे आधी ठरवा, एकच माणूस. मात्र ‘थांबा’ कुणीही म्हणू शकतो. दोन प्रयत्नांत गाडी हलली नाही तर पट्टा सोडून पुन्हा फावडं हातात घ्या. नायलॉन लागोपाठ ताणला की त्याची लवचीकता कमी होते, त्याला काही तास विसावा लागतो. भिजलेल्या नायलॉनची ताकदही थोडी उतरते. घरी आल्यावर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, आणि कडेचा धागा कापलेला दिसला तर तो पट्टा बाद.

विंच तुम्ही विचारली नाहीत. एकट्याने फिरणार असाल तर ती लागेल, भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट क्षमतेची घ्या, पण तीही चासीला जोडलेल्या भक्कम माउंटशिवाय लावायची नाही. एरवी दुसऱ्या गाडीच्या सोबतीने जात असाल तर आधी वरची यादी पुरी करा. आणि त्या दुसऱ्या गाडीचे पॉइंटही निघण्यापूर्वी वाकून बघा, कारण ताण दोन्ही टोकांना सारखाच येतो.

या सुट्टीच्या दिवशी एवढंच करा. टॉर्च आणि वायर ब्रश घेऊन गाडीखाली जा. पुढची कडी कशाला जोडली आहे, बोल्ट किती, त्यांच्या डोक्यावर काय लिहिलंय आणि कडीभोवतीचा रंग कुठे तडकलाय का ते बघा. मागे दांडा काढल्यावर रिसीव्हरची आतली नळी किती मिलिमीटरची आहे ते मोजा, हिच ब्लॉक त्याच मापाचा लागेल. रंग तडकलेला असेल किंवा बोल्टांवर आकडाच नसेल, तर त्या कडीवर लाल रंग मारून ठेवा, म्हणजे अडचणीच्या वेळी मदतीला आलेला अनोळखी माणूस तिथे पट्टा अडकवायच्या आधी थांबेल.